सोयरिकीचं कलम

माझ्या सासरच्या म्हशीचं नाव मी एकदा फोनवर ओरडून सांगितलं होतं. तेही इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं करून. "बी! बी म्हंजे बीडचा बी!" लाइनीवर खरखर होती, दुकानात भांड्यांवर नाव घालायचं यंत्र चालू होतं आणि लग्नाची भांडी घ्यायला आलेले नऊ-दहा जण गाद्यांवर बसले होते. त्यांच्यासमोर आवाज चढवायला मला बरंच वाटत होतं. सरकारी कचेरीचं काम माझ्यावाचून अडलंय, हे गिऱ्हाइकाला कळायला नको का?

ते नाव म्हणजे माझ्या बायकोचा पासवर्ड होता.

परळीत आमचं भांड्यांचं दुकान. सकाळी थर्मल वीजकेंद्राची उडून आलेली राख पुसून भांडी मांडायची आणि लग्नसराईत दिवसभर हंड्या-कळश्यांवर नावं घालत बसायचं, एवढीच माझी विद्या. बायको मात्र शिकलेली. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा तिनं लग्नाआधीच दिल्या होत्या आणि लग्न ठरवताना एकच अट घातली होती, की मला नोकरी करू द्यायची. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, "लागली तर करू द्या की" म्हणून हसत कबूल केलं. तिला नोकरी लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ती शेजारच्या तालुक्याच्या तहसील कचेरीत लागली. रोज एसटीनं जायची, एसटीनं यायची.

त्या वर्षांत देश उघडला असं पेपरात येत होतं. आमच्या बाजारपेठेत उघडलं ते एवढंच: रंगीत टीव्हीची दोन दुकानं, एसटीडीचे पिवळे बूथ आणि प्लास्टिकच्या डब्यांचा एक मोठा स्टॉल. प्लास्टिकवर नाव घालता येत नाही, त्यामुळे देशाच्या प्रगतीविषयी माझं मत जरा कडू होतं. पण तिच्या कचेरीत त्याच सुमारास कम्प्युटर आला. जमिनींचे सातबारे आता हातानं लिहायचे नाहीत, कम्प्युटरवर चढवायचे, असा हुकूम निघाला. कम्प्युटरसाठी वेगळी खोली, खोलीला एसी, बाहेर चपला काढायच्या. पहिल्या दिवशी नारळ फुटला आणि हार घातला तो थेट पडद्यावर, त्यामुळे दुपारपर्यंत कुणाला काही दिसलं नाही. पुढे उन्हाळ्यात साहेब गारव्यासाठी तिथं येऊन बसायचे आणि बाकीची कचेरी साहेब तिथं आहेत म्हणून यायची.

जिल्ह्याला तिचं तीन आठवड्यांचं ट्रेनिंग झालं. तिथून ती एक शंभरपानी वही घेऊन आली, आणि त्या वहीत तिनं स्वतःच नियम लिहायला सुरुवात केली. ज्याचा त्याचा पासवर्ड वेगळा हवा. खुर्चीवरून उठताना बंद करून उठायचं. कुणी कुठल्या तारखेला काय बदललं त्याची यादी छापून साहेबांच्या सहीला ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला हे. मी म्हणालो, "तुला काय पडलंय एवढं?" ती म्हणाली, "आधी एखाद्याचं नाव खोडायचं तर वही लागायची, शाई लागायची, खाडाखोड दिसायची. आता काहीच दिसत नाही. म्हणून पडलंय."

कचेरीत तिच्या वहीची थट्टा व्हायची. तिथले अव्वल कारकून, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, आपुन समदे एका तांब्यानं पाणी पितो, अन् शब्द कावून येगळाले पायजेत?"

"तांब्या उष्टा झाला तर घासता येतो, भाऊसाहेब," ती म्हणाली.

भाऊसाहेब मोठ्यांदा हसले. माणूस हसरा होता, घरंदाज होता, आपल्यातलाच होता. दादा एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला कचेरीत गेले आणि भाऊसाहेबांशी बोलत बसले. त्या बोलण्यातून पुढच्या वर्षी सोयरीक जुळली. दादांची एकुलती एक मुलगी भाऊसाहेबांच्या घरात दिली. म्हणजे भाऊसाहेब आमचे व्याही झाले. माझ्या बायकोला तेव्हाच ते बरं वाटलं नव्हतं, पण मुलीचं लग्न ठरत असताना "मला कचेरीत अडचण होईल" असं म्हणणारी बाई आमच्याकडे अजून जन्मायची होती.

व्याही म्हणजे काय, हे मुलीकडच्यांनाच विचारावं. लग्नात दादांनी भाऊसाहेबांचे पाय धुतले तेव्हा पाणी ओतणारा मी होतो. त्या दिवसापासून आमच्या घराला एक शब्द बोलायची बंदी झाली, आणि तो म्हणजे 'नाही'. मुलीकडच्यांनी 'बघतो' म्हणायचं, 'करतो' म्हणायचं. आपली मुलगी त्यांच्या घरात आहे. आपण इथं नाही म्हटलं, तर तिथं तिच्या ताटात पडतं.

तर लग्नाला आठ महिने झाले असताना तो फोन आला. माझे सासरे वारले होते, बायको वडवणीजवळ माहेरी अकरा दिवसांच्या रजेवर होती.

"शरणार्थ, पाव्हणं!" भाऊसाहेबांचा आवाज. "बाई न्हाईत, अन् वरून माहिती मागितलीय. कम्प्युटर काय उघडंना. त्यो बाईंचा शब्द हाय ना, तेवढा सांगता का जरा?"

तो शब्द एका बंद पाकिटात होता. पाकीट देव्हाऱ्यात, पिंडीच्या मागं. ठेवताना ती मला म्हणाली होती, "मला काही बरंवाईट झालं तरच. तेव्हाही फोडायचं नाही, नेऊन साहेबांच्या हातात द्यायचं." खरं तर नियमाप्रमाणं ते पाकीट कचेरीच्या तिजोरीत असायला हवं होतं. पण तिजोरीची किल्ली कचेरीत सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी टांगलेली असायची, म्हणून तिनं ते घरी आणलं. घर जास्त भरवशाचं, असं तिला वाटलं. घर म्हणजे मी.

मी "धरा हं" म्हणून रिसीव्हर गादीवर ठेवला, जिना चढून वर गेलो, पाकीट फोडलं. आत माझं नाव असेल अशी माझी खात्री होती. निघालं तिच्या माहेरच्या म्हशीचं. तेव्हा मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच. खाली येऊन मी ते अक्षर-अक्षर ओरडून सांगितलं.

बाराव्या दिवशी ती परत आली आणि कामावर गेली. संध्याकाळी आली तेव्हा तिच्या पिशवीत छापलेला लांबलचक कागद होता, दोन्ही कडांना भोकं असलेला. तो तिनं स्वयंपाकघरात जमिनीवर पसरला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ही नोंद माझ्या नावानं झालीय. त्या दिवशी मी माहेरी होते."

"ती व्हय?" मी अगदी खुशीत म्हणालो. "व्याह्यांचा फोन आलता. मी सांगितला की तुझा शब्द. काम अडू दिलं न्हाई."

"पाकीट?"

"फोडलं."

"तुम्हाला नाही म्हणता आलं नाही?"

"व्याही हायेत आपले."

"माझे ते अव्वल कारकून आहेत," ती म्हणाली, आणि कागदाच्या घड्या घालू लागली. भोकांवर भोकं नीट जुळवून. मला वाटलं आता भांडेल. ती भांडली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

ती एक ओळ म्हणजे चार एकर रान होतं. ज्या बाईच्या नावचं, ती विधवा, ऊसतोडीला जाणारी. आमच्या भागात शिरूर कासारकडून टोळ्या निघतात तशाच त्या तालुक्यातूनही निघतात. दसरा झाला की गावंच्या गावं ट्रकमध्ये बसून कारखान्यावर जातात ती उन्हाळ्यातच परततात. नवरा गेल्यावर रान तिच्या नावावर लागलं होतं. मुरमाड, काही पिकत नव्हतं, म्हणून कुणी ढुंकून पाहत नव्हतं. पण शेजारून रस्ता रुंद झाला, रहदारी वाढली, आणि तिथल्या एका पुढाऱ्याला तिथं पेट्रोल पंप टाकावासा वाटला. त्यानं तिच्या दिराला गाठलं. मग एक कागद तयार झाला, की मी माझा हक्क दिराला सोडत आहे. खाली बाईचा अंगठा. त्या तारखेला बाई दोनशे मैलांवर उसाच्या फडात होती. हरकत असल्यास कळवावे, अशी नोटीस नियमाप्रमाणं चावडीवर चिकटवली. वाचायला गावात म्हातारी माणसं आणि कुत्री.

कागदावरचं कुणीही खोटं ठरवू शकलं असतं. पण कम्प्युटरवर नाव बदललेलं होतं ते माझ्या बायकोच्या पासवर्डनं, आणि माझ्या बायकोचं नाव त्या तालुक्यात सचोटीबद्दल गाजलेलं होतं. तिनं केलं म्हणजे कागद बघून केलं असणार. सगळा डाव त्या भरवशावर उभा होता.

ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते, फक्त बदलीची वाट पाहत होते. ते म्हणाले, "बाई, नोंद तुमच्या नावानं आहे. बोंब मारलीत तर पहिली चौकशी तुमची. पाकीट घरी का होतं, यावर काय सांगाल? त्यापेक्षा गप्प बसा, मीही यादी पाहिली नाही."

दोन दिवसांनी दादा आले. चहा घेतला नाही, बसलेही नाहीत.

"कावून उकरून काढते ती?" ते मला म्हणाले, ती समोर होती, पण तिच्याशी थेट बोलायचा आमच्याकडे रिवाज नव्हता. "पोरीला पाचवा महिना हाय. त्येंच्या घरात हाय ती. उद्या भाऊसाहेब सस्पेंड झाले तर ती माणसं तिला फुलात ठेवत्याल का?"

"त्या बाईचं चार एकर गेलंय, दादा," ती दाराआडून म्हणाली.

"तिचं गेलं ते गेलं. आपलं कावून घालवायचं?"

मी दादांच्या बाजूनं मान हलवली. हे लिहायला हात जड होतो, पण हलवली.

तिनं दोन पानी अर्ज दिला. फोन माझ्या पतीला आला, तो अव्वल कारकुनांचा होता असे पतीने मला सांगितले, पाकीट घरी ठेवणे ही माझी चूक आहे. सगळं लिहिलं. चौकशी लागली. भाऊसाहेबांचं म्हणणं, मी फोन केलाच नाही. बाई रजेवर असल्या तरी वडवणी किती लांब आहे? मधे एक दिवस येऊन नोंद करून गेल्या. आता सगळं एका गोष्टीवर आलं. फोनवर आवाज कुणाचा होता, हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता. दुकानातल्या नऊ-दहा गिऱ्हाइकांना फक्त म्हैस ऐकू आली होती.

माझा जबाब उन्हाळ्यात ठेवला. तोवर टोळ्या परतल्या होत्या. कचेरीच्या व्हरांड्यात एक काळी, काटक बाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठली.

"भाऊ, तुमीच का ते फोनवाले?"

"हो."

"मंग सांगा बरं समदं. बाईंनी माज्यापायी लई जीव काढलाय."

मी "सांगतो की" म्हणालो. मुलीकडच्यांची सवय.

आत चौकशी अधिकारी, एका बाजूला माझी बायको, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब. मी आत पाऊल टाकलं तसे भाऊसाहेब शिपायाला म्हणाले, "पाव्हण्यांना पाणी द्या आधी. उनाचं आलेत." मी पाणी प्यालो. तिथंच संपलो.

"फोन कुणाचा होता?"

"लाइन लई खराब होती, साहेब. दुकानात यंत्र चालू होतं."

"नाव सांगितलं असेल ना समोरच्यानं?"

"तहसीलातून बोलतोय म्हणाले. एवढंच."

"आवाज ओळखलात?"

"न्हाई."

बायकोनं वर पाहिलं नाही. ती समोरच्या कागदाची कड नखानं सरळ करत होती. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, यावर तुमचं काही म्हणणं? ती म्हणाली, "माझं म्हणणं लेखी दिलेलं आहे." नवरा खोटं बोलतोय, हे तिनं भर कचेरीत म्हटलं नाही. माझी अब्रू तिनं राखली, आणि तिची मी घालवली. एकाच खोलीत, पाच मिनिटांत.

बाहेर ती ऊसतोडीची बाई उभी होती. मी तिच्याकडे न बघता चप्पल शोधत राहिलो. चप्पल समोरच होती.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर आला तेव्हा बायको म्हणाली, "एक परळी." दुसरी मी काढली.

निकाल लागला. पासवर्डची गोपनीयता न राखल्याबद्दल तिच्या दोन वेतनवाढी थांबल्या, बदली बीडला. नावबदलाचा फेरफार कायम. पावसाळ्याच्या आत चार एकरात पंपासाठी खड्डे सुरू झाले. त्या बाईनं वरती प्रांतांकडे अपील केलं, तेही माझ्या बायकोनं लिहून दिलं म्हणून, आणि दसऱ्याला ती पुन्हा ट्रकमध्ये बसून गेली.

बीडला बायको खोली घेऊन राहू लागली, शनिवारी घरी यायची. मी स्वयंपाक शिकलो. परळीत राखेची कमी नाही, तरी मी भाकरी करपवून घरची वेगळी काढू लागलो. तिला तिथं मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत बसवलं होतं, कामच दिलेलं नव्हतं. मग मुंबईहून एक पत्र आलं: शासकीय कार्यालयांतील संगणकांच्या सुरक्षिततेसाठी सूचना पाठवाव्यात. असलं पत्र कुणाच्या टेबलावर टिकत नाही. ते फिरत फिरत मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत पोचलं. तिच्याकडे ती शंभरपानी वही होतीच.

तिनं मसुदा लिहिला. तो मुंबईला पसंत पडला, मग तिला बैठकीला बोलावलं, मग पुन्हा बोलावलं. हळूहळू ती राज्यभराचे नियम लिहिणाऱ्या समितीत जाऊन बसली, आमच्या जिल्ह्यातली एकटी, त्या टेबलाशी बसलेली एकटी बाई. पुढं या सगळ्याला सायबर सुरक्षा म्हणू लागले. आमचे नातेवाईक विचारायचे, "वहिनींनी सायबर कॅफे टाकला म्हणं? तासाला काय घेतात?" मी समजावत बसायचो नाही. "विचारून सांगतो," म्हणायचो.

तिच्या मसुद्यातलं एक कलम मात्र मुंबईत अडलं. ज्या कर्मचाऱ्याची आपल्याच कार्यालयात सोयरीक जुळली असेल, त्याने ते लेखी कळवावे. नोंद करण्याचा आणि तपासण्याचा असे दोन्ही अधिकार अशा सोयऱ्यांच्या हाती एकत्र असू नयेत. एका मोठ्या साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "मॅडम, आपल्याला हॅकरपासून संरक्षण लिहायचंय. यात लग्नपत्रिका कुठून आली?"

"साहेब, आमच्याकडे हॅकर येत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे फोन येतो. आवाज ओळखीचा असतो."

तीन बैठका ते कलम खोडलं गेलं आणि तीन बैठका तिनं परत लिहिलं. शेवटी 'सोयरीक' गेली, 'निकटचे नातेवाईक' उरलं. परिपत्रक निघालं तेव्हा तिनं मला ते दाखवलं नाही. मी तिच्या पिशवीतून काढून वाचलं. पाकीट घरी ठेवू नये. कुटुंबीयांस सांगू नये. दूरध्वनीवरून कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. सरकारी भाषेत माझंच वर्णन होतं, अनुक्रमांक घालून.

चौथ्या वर्षी बीडमध्ये तिनं कारकून-तलाठ्यांचं एक शिबिर घेतलं. मी ओझं उचलायला गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो. बोलता बोलता तिनं उदाहरण दिलं: एका ऑपरेटरच्या पतीनं फोनवर पासवर्ड दिला, आणि चौकशीत फोन कुणाचा ते सांगितलं नाही. एक तलाठी उठून म्हणाला, "मॅडम, त्या नवऱ्याला काय शिक्षा झाली?" सगळे हसले. मीही हसलो, न हसून कसं चालेल.

"काही नाही," ती म्हणाली. "नियमात त्याच्यासाठी शिक्षा नाही."

"आणि ती जमीनवाली बाई?"

"अपील चालू आहे. अजून."

तो 'अजून' शब्द तिनं माझ्याकडे बघून म्हटला नाही. बघितलं असतं तर मला काहीतरी सबब सुचली असती.

दसऱ्याच्या आधी मी त्या बाईच्या गावी गेलो. पंप रस्त्यावरूनच दिसला. पोरं मोटारसायकली लावून उभी होती. ती घरापुढं तवा, पातेली पोत्यात भरत होती. मला तिनं लगेच ओळखलं.

"आता कावून आलात, भाऊ?"

मी सांगितलं. फोन व्याह्यांचा होता, मी ओळखला होता, मी खोटं बोललो. मला वाटलं शिव्या देईल, माती फेकेल. तिनं पोत्याचं तोंड बांधलं.

"कुनाचा व्हता ते मला तवाच ठावं व्हतं. समद्या गावाला ठावं हाय. तुमी म्हनायचं तेवढं ऱ्हायलं व्हतं."

"आता म्हणतो."

"तारीख दिवाळीच्या फुडं हाय. मी कारखान्यावर असंन." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मी तितं नसले तरी म्हनाल का?"

तिच्या सगळ्या आयुष्याचं भांडण या एका वाक्यात होतं. ती नसताना कागद झाला, ती नसताना नोटीस लागली. मी हो म्हणालो. तिला त्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं, आणि तिनं ठेवलाही नसावा.

तारखेला मी प्रांतांसमोर शपथपत्र दिलं. त्यात व्याह्यांचं नाव घातलं, त्यांच्या हुद्द्यासह. भाऊसाहेब आले होते, वर्षभरापूर्वी रिटायर झालेले. या वेळी त्यांनी पाणी मागवलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "लई मोठं काम केलं, पाव्हणं. पोरीला सांगतो घरी गेल्यावर."

फेरफार रद्द झाला. सातबाऱ्यावर बाईचं नाव परत लागलं. जमिनीवर मात्र पंप होता आणि जमिनीत त्याच्या टाक्या; ताबा हवा तर दिवाणी कोर्टात जा. कोर्टाची वाट तिला टोळीच्या तारखांमधून काढावी लागणार होती. भाऊसाहेबांना काही झालं नाही, रिटायर झालेल्याला काय होणार. माझ्या पुतणीला, दादांच्या पोरीला, त्यांनी संक्रांतीला माहेरी पाठवलं नाही. तिचा चार वर्षांचा मुलगा तेवढा पाठवायला निघाले होते, मग तोही ठेवून घेतला. तिला कुणाशी बोलू देत नव्हते असं शेजारून कळलं. दादा दुकानावरून गेले, पायरीवर थबकले, मला वाटलं आत येतील. "समाधान झालं का?" म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

शनिवारी बायको बीडहून आली. मी तिला सगळं सांगितलं, निकाल, भाऊसाहेब, पोरगी, दादा. ती उंबऱ्यात उभी राहूनच ऐकत होती, पिशवी खांद्यावर तशीच. आणि इतकं सगळं सांगून झाल्यावर मी, हावरटासारखं, विचारलं, "मी बरोबर केलं ना?"

तिनं पिशवी खाली ठेवली.

"बरोबर केलंत," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी केलं असतंत तर माझं नाव राहिलं असतं आणि तिचं रान. आता पोर भोगतेय. सोमवारी मी रजा टाकते, दोघं जाऊ तिला आणायला. नाही पाठवली तर ओट्यावर बसू, पाठवेपर्यंत. आणि तिथं मी बोलेन. तुम्ही नुसतं बसायचं."